तिथीची पाऊणपट

डिसेंबरची चार तारीख. खिडक्यांना आम्ही
तपकिरी कागद चिकटवत होतो, बोटांना खळ.
मेजर जनरल इंगवले आत आले
आणि तार टेबलावर पालथी ठेवली,
हरलेलं पान ठेवतात तशी.

सगळ्यांना वाटलं होतं, त्यांना सरहद्द मिळेल.
पंचवीस वर्षं बर्फ, खिंडी, गुडघ्यात एक जुनी गोळी.
मिळाला किनारा.
डहाणूपासून खाली, माझी निळी शाई पुरेल तिथवर.
पुण्यात बसून.

मी नकाशाखोलीतला ड्राफ्ट्समन, खळदकर.
समुद्र एकदाच पाहिलेला, आत्याच्या लग्नात,
तोही ओहोटीचा.
साहेब म्हणाले, "खळदकर, मला पोहता येत नाही."
"सर, मलाही नाही."
एवढ्यावर किनाऱ्याचं संरक्षण सुरू झालं.

चार म्हाताऱ्या तोफा, त्यातली एक दुरुस्तीला खडकीत.
कस्टमची लाँच, थंडीत खोकणारी.
आणि भिंतभर निळं,
ज्यात टाचणी कुठे टोचावी कळेना.
"डोंगर जागेवर थांबतो," साहेब म्हणाले,
"हे तर दिवसातून दोनदा हद्द बदलतं."

तिसऱ्या पहाटे त्यांनी मला जीपमध्ये घातलं.
दिव्यांना काळं फासलेलं, ईस्ट स्ट्रीट आंधळी.
थांबलो शिवाजी मार्केटला.
पुण्यात समुद्र तिथे उतरतो, रोज साडेचारला,
लाकडी खोक्यांत, बर्फाखाली.

हर्णैची जानकी चोगले सुरमई चिरत होती,
कंदिलाला निळा कागद.
साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघा कुरकुरला.
"बाई, भरती केव्हा येते?"
तिने वर पाहिलं. फिती, तारे, सगळं.
"तिथीची पाऊणपट करा की.
आज चौथ. चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती.
आमच्या पोरांना येतं हे.
तुम्ही कुठले?"
"साताऱ्याकडचे."
"मग बरोबर."

कुठल्या खाडीत काय शिरतं, कुठला खडक कधी डोकं काढतो,
ती सांगत गेली, सुरी न थांबवता.
साहेबांच्या वहीवर माशांचं पाणी उडत होतं.
निघताना दोन डझन बांगडे घेतले.
ते खात नसत. ड्रायव्हरला दिले.

मग रोज रात्री आम्ही तिथी गुणायचो.
अष्टमी, सहा. टाचण्या त्याप्रमाणे सरकायच्या.
त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक जण
दशमीला रेडिओवर गाजला, कुठलं ठाणं घेतलं म्हणून.
साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, बटण फिरवलं.
"दशमी. साडेसात," म्हणाले.

एकादशीला रात्री दोन वाजता फोन.
खाडीच्या तोंडाशी दिवा, हलतोय, तोफ तयार आहे, हुकूम?
साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलले.
सव्वाआठला भरती, म्हणजे आत्ता चिखल.
"तिथे आता कोणी येऊ शकत नाही.
जो आहे तो रुतलाय. गोळी नको. पाण्याची वाट बघा."
उजाडताना निरोप आला:
बाप, दोन पोरं, एक फाटकं जाळं.
साहेबांनी तो कागद दोनदा वाचला
आणि मला चहा सांगायला पाठवलं.
परत आलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते,
तळहात निळ्यावर टेकलेला.

अमावास्येला लढाई संपली. लक्ष्मी रोडवर पेढे.
किनाऱ्याचा अहवाल साडेतीन ओळींचा:
उल्लेखनीय काही घडले नाही.
त्यावर त्यांची सही, नेहमीपेक्षा जरा मोठी.

आता मी धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर.
सकाळी उठलो की आधी कॅलेंडरात तिथी बघतो.
ओठ हलतात.
नातीला वाटतं, आजोबांचा उपास आहे.
"आज काय खायचं नाही?" ती विचारते.
"षष्ठी," मी म्हणतो. "साडेचार."
ती साबुदाणा भिजत घालते.